लाल कृष्णकमळ, रोप नंबर 27: दीड वर्षाचा अनुभव

शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की आंबेवाडीच्या अलीकडे डाव्या हाताला एक पत्र्याची पाटी दिसते: ‘रोपे मिळतील’. एवढंच. नर्सरीला नाव नाही, पाटीवर फोन नंबर नाही. आत अर्धा एकर जागा, हिरवी शेडनेट, जुन्या तेलाच्या डब्यांत लावलेली रोपं आणि सत्तरी ओलांडलेले एक काका. मी तिथून घेतलेल्या एका वेलीबद्दल लिहितेय. तिच्यावर दोन दिवाळ्या गेल्या, म्हणून आता खात्रीनं लिहिता येतंय.

मी कळंब्यात राहते. आमच्या पश्चिमेकडच्या कुंपणावर सासूबाईंनी लावलेलं जांभळं कृष्णकमळ कितीतरी वर्षं होतं. श्रावणात सोमवारी पाच फुलं महादेवाला जायची, उरलेली गल्लीत वाटली जायची. मला ते फूल पहिल्यांदा त्यांनीच उलगडून दाखवलं. भोवतीचे तंतू म्हणजे शंभर कौरव, आतले पाच पुंकेसर म्हणजे पांडव, वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. त्या गेल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात वेलही वाळली. तेव्हापासून मनात होतं की याच कुंपणावर कृष्णकमळच लावायचं, पण लाल. अंबाबाईला लाल फूल वाहायचं, आणि तेही घरचं.

लाल कृष्णकमळ म्हणून मी याआधी दोनदा रोप घेतलं आणि दोन्ही वेळा फसले. एकदा फुलझाडांच्या प्रदर्शनातल्या स्टॉलवरून, एकदा ऑनलाइन. दुसऱ्याचे 450 रुपये दिले होते. फोटोत रक्तासारखं लाल फूल, आणि चौदा महिने पाणी घातल्यावर उमललं ते जांभळं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, हवामानामुळं रंग बदलतो. छटा थोडी फिकी-गडद होते हे खरं, पण लालाचं जांभळं होत नाही. बहुतेक ते बियांपासून केलेलं रोप होतं. बियांची रोपं आईसारखी निघतीलच असं नाही, आणि कृष्णकमळात तर मुळीच नाही, कारण बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. फळ धरायला दुसऱ्या वेलीचाच पराग लागतो. म्हणजे बियांतलं अर्धं रक्त परकंच असतं. हे मला काकांकडे गेल्यावर कळलं.

जून 2024 मध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी लगेच रोप दिलं नाही. ऊन किती तास येतं, कुंपण भिंतीचं की तारेचं, पाणी साचतं का, सगळं विचारलं. मी किंमत विचारली तर म्हणाले, “वैनी, आधी फूल बघा. मग पैशाचं बोलू.” आणि मागच्या मांडवाखाली घेऊन गेले.

मांडवावर तीनेक वेली होत्या. प्रत्येकीच्या बुंध्याला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पट्टी बांधलेली आणि तिच्यावर खिळ्यानं कोरलेला नंबर. 27 नंबरच्या वेलीला चार फुलं होती. देवीच्या कपाळावरच्या ओल्या मळवटाचा असतो ना, तो लाल. नारिंगीकडे झुकणारा नाही, गुलाबीकडे तर नाहीच. पाकळ्या मागं वळलेल्या. तंतू आखूड, बुडाशी गडद जांभळे आणि टोकाला पांढरे, त्यामुळं लाल रंग आणखी उठून दिसतो. फुलं एकेकटी येत नाहीत, लोंबत्या घोसात येतात, आणि घोसातलं एखाद-दुसरंच एका दिवशी उमलतं.

काकांनी ही वेल कशी केली ते ऐकताना मी तिथं दोन तास बसले. वेलीची खरी किंमत त्यातच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

2015 मध्ये बंगळुरूहून त्यांनी रासेमोसा नावाच्या जातीचं कलम आणलं. ही मूळची ब्राझीलची, लांब घोसाची, लाल फुलाची. फूल सुंदर, पण आपल्याकडे रोप नाजूक, वाढ मंद. दुसऱ्या बाजूला आपलं नेहमीचं जांभळं, कुठंही पसरणारं. दोघांचा संकर केला. त्यातून आलेली रोपं 2017 मध्ये फुलली आणि सगळी जांभळट किरमिजी निघाली. लाल एकही नाही. घरातले म्हणाले, सोडा आता.

काकांनी सोडलं नाही, कारण पहिल्या पिढीत लाल दबणार हे त्यांना माहीत होतं. यात नवं काही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये याच रासेमोसाचा सेरुलिया नावाच्या निळ्या जातीशी संकर झाला होता. कृष्णकमळाच्या कुळातला तो अगदी पहिल्या नोंदलेल्या संकरांपैकी एक, आणि त्यातून आलेली वेल जांभळीच होती. तिचं नावच वायोलेसिया, म्हणजे जांभळी. मग काकांनी त्या किरमिजी रोपांतलं सगळ्यात दणकट रोप निवडलं आणि 2018 मध्ये त्याच्यावर पुन्हा लाल रासेमोसाचाच पराग घातला. संकराचा स्वतःचा पराग कमजोर असतो, म्हणून संकर आईच्या जागी आणि शुद्ध लाल बापाच्या जागी. त्या फळांतून 63 रोपं उगवली.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात त्यातली बहुतेक गेली. पंचगंगेचं पाणी आंबेवाडीत किती दिवस होतं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. आदल्या रात्री काकांनी आणि त्यांच्या नातवानं जेवढ्या पिशव्या उचलता आल्या तेवढ्या भावाच्या गच्चीवर चढवल्या. एकोणीस वाचल्या. त्यांतली चार लाल फुलली, आणि त्या चारांतली 27 नंबरची पाऊस सोडला तर वर्षभर कळ्या धरते. हे सांगताना त्यांनी वही उघडून पान माझ्यासमोर धरलं. त्या पानावर पुराच्या पाण्याचा तपकिरी डाग अजून आहे.

संकर करताना मी त्यांना एकदा प्रत्यक्ष पाहिलं. पुढच्या मार्चमध्ये मुद्दाम त्यासाठी गेले होते. फूल उमलायच्या आधी, पहाटेच, कळी अलगद उघडून आईच्या फुलाचे पाचही परागकोष चिमट्यानं काढून टाकतात आणि कळीवर मलमलीची छोटी पिशवी चढवतात, म्हणजे भुंगा घुसायला नको. आपल्याकडे कृष्णकमळावर काळा मोठा भुंगा येतो ना, तो एका फुलावर लोळला की सगळं काम बिघडलं. मग नऊच्या सुमारास फूल उघडतं, पण काका लगेच हात लावत नाहीत. तेव्हा वरच्या तिन्ही कुक्षी, म्हणजे पराग घेणारी टोकं, ताठ उभ्या असतात. आम्ही स्टुलावर बसून वाट पाहिली. चहा झाला. साडेदहाच्या पुढं त्या हळूहळू खाली वाकायला लागल्या, छत्रीच्या काड्या उघडतात तशा. अकराच्या आसपास पुरत्या वळल्या आणि काका म्हणाले, “आता बघा, आता घेतंय ते.” दुसऱ्या फुलाचा अख्खा परागकोष चिमट्यात धरून त्यांनी तिन्ही कुक्षींवर टेकवला. पिवळी पूड चिकटलेली मला चष्म्याशिवाय दिसली. पिशवी पुन्हा चढवली, देठाला लाल दोरा बांधला, वहीत तारीख, वेळ, दोन्ही नंबर लिहिले. पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांसाठी पहाटेपासून बसायचं. संध्याकाळी फूल मिटलं की संपलं, ते एकाच दिवसाचं असतं. आणि संकरातून कुठला रंग आला हे नव्या रोपाला फूल यायला वर्ष-दीड वर्ष गेल्यावर कळतं.

आता माझ्या वेलीबद्दल.

180 रुपये दिले. काका 27 नंबरची रोपं फक्त फांदीपासून करतात, तीन-चार डोळ्यांची अर्धी पिकलेली फांदी वाळूत लावून, म्हणजे प्रत्येक रोप म्हणजे तीच वेल. माझं रोप वीतभर होतं, मुळं पिशवीच्या तळाशी पांढरी दिसत होती. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावलं. गगनबावड्याकडची तांबडी माती, शेणखत आणि साखर कारखान्याच्या मळीचं खत घातलं. मळी मी जास्त घातली, ते चुकलं. पहिले पाच महिने नुसती पानं, कुंपण हिरवंगार, कळी एक नाही. काकांना सांगितलं तर म्हणाले, खत बंद करा, नुसती राख घाला, पाणी कमी करा. डिसेंबरात पहिली कळी आली. 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज दोन-तीन फुलं होती. रंग मांडवावर पाहिला तोच. उन्हाळ्यात थोडा फिका होतो, सावली मिळाली की पुन्हा चढतो. नवरात्रात सात दिवस देवीला घरचं फूल गेलं. ज्या दिवशी पहिलं ताटात ठेवलं, त्या दिवशी सासूबाईंची फार आठवण आली.

त्रासही सांगायला हवा. तांबूस-नारिंगी फुलपाखरं या वेलीवर अंडी घालतात आणि त्यांच्या काटेरी अळ्या आठवड्यात अर्धी वेल फस्त करतात. मी औषध मारत नाही, हातानं वेचून कुंपणाबाहेरच्या रानटी कृष्णकमळावर सोडते. तुम्हाला रोज सकाळी दहा मिनिटं द्यायला वेळ नसेल तर ही वेल घेऊ नका. भर पावसात, जुलै-ऑगस्टमध्ये, कळ्या गळतात. मे महिन्यातल्या उन्हातही. आणि वास जवळजवळ नाही. लाल कृष्णकमळं मुळात पक्ष्यांसाठीची, तिकडे अमेरिकेत गुंजनपक्षी त्यांचा मध पितात, आणि पक्ष्यांना वासाचं काम नसतं. जांभळ्याचा तो गोड वास ज्यांना हवा आहे, त्यांनी जांभळंच लावावं. माझ्या कुंपणावर मात्र शिंजीर पक्षी येतो, आणि लाल फुलाशी त्याचा तो चमकता जांभळा कंठ दिसला की वासाची उणीव मला तरी वाटत नाही.

काकांच्या सेवेबद्दल: ते फक्त सकाळी सात ते अकरा भेटतात. अकरानंतर मांडवाखाली काम असतं, तेव्हा हाक मारली तरी येत नाहीत. घरपोच देत नाहीत. यूपीआय नातू असेल तरच. पावती मिळत नाही, पण त्याऐवजी ते वहीत तुमचं गाव आणि रोपाचा नंबर लिहून घेतात. 27 नंबरची रोपं वर्षाला चाळीस-पन्नासच होतात, फेब्रुवारीत आणि जूनमध्ये. जी वेल स्वतःच्या मांडवावर फुलली नाही तिची फांदी ते कुणालाही देत नाहीत, कितीही पैसे दिले तरी. माझ्यासमोर एका लँडस्केपवाल्यानं दोनशे रोपांची ऑर्डर देऊ केली, बियांची चालतील म्हणाला. काकांनी पाणी विचारलं आणि परत पाठवलं.

मी त्यांना म्हटलं, नवी जात आहे, नोंदणी करून घ्या. आपल्याकडे 2001 चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. नोंदवलेल्या वेलींना आणि झाडांना 18 वर्षं संरक्षण मिळतं, आणि शेतकऱ्यानं स्वतः केलेलं वाणही नोंदवता येतं. वाण वेगळं, एकसारखं आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं. काकांना हे सगळं माहीत होतं. म्हणाले, “स्थिर आहे का नाही ते माझ्या मांडवावर बघून कसं सांगू? माझी माती एक, तुमची एक. चार घरांत तीन वर्षं लालच राहू दे, मग नावाचं बघू.”

म्हणून दिवाळीनंतरच्या रविवारी मी माझ्या कुंपणावरचं एक फूल डब्यात ओल्या फडक्यावर ठेवून सकाळी नऊला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी ते तळहातावर घेतलं, मांडवावरचं एक तोडून शेजारी ठेवलं आणि शेडनेटच्या बाहेर उन्हात नेऊन बराच वेळ बघितलं. मग वही काढली आणि 27 च्या पानावर लिहिलं: ‘कळंबा, दुसरं वर्ष, रंग तोच, तंतू थोडे लांब.’ तंतू लांब आहेत हे मला दिसलंच नव्हतं.