गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर काढून लावून देणारा फिटर, देवपूर, धुळे : आमचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, काम एक नंबर. माणूस दोन दिवस उशिरा आला, फोन दहादा केला तर एकदा उचलतो, तरी काम एक नंबर. आणि ज्यांच्या घरी गॅस गीझर बाथरूमच्या आत टांगलेला आहे त्यांनी हे पूर्ण वाचा, लांबलंय तरी वाचा.

झालं असं की आमच्या धुळ्याची थंडी बाहेरगावच्या माणसाला खरी वाटत नाही. मे महिन्यात रस्त्यावर चप्पल चिकटते आणि हिवाळ्यात पारा कधी कधी सहा-सातवर येतो, सकाळी नळाखाली हात धरवत नाही. इलेक्ट्रिक गीझर होता पण ऐन आंघोळीच्या टायमाला लाईट जायची, म्हणून दिवाळीनंतर गॅस गीझर घेतला, मिनिटाला सहा लिटरवाला, आयएसआय मार्क पाहून. वस्तू चांगली आहे. दोन मोठे सेल टाकायचे, नळ सोडला की आपोआप पेटतो, वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो. वस्तूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, तक्रार आहे ती लावून देण्याबद्दल. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्यांचा पोरगा आला, बाथरूमच्या आत शॉवरशेजारी दोन खिळे ठोकले, गीझर टांगला, साधी पीव्हीसीची पाईप जोडली, किचनच्या सिलिंडरवरून टी (तीन तोंडांचा जोड) मारून जुनी हिरवी रबरी नळी ओढली, ती कमी पडली म्हणून मधे जोड दिला, आणि अर्ध्या तासात चहा पिऊन गेला. खिडकी किती आहे, हवा कुठून येते, एक शब्द नाही. आम्ही पण विचारलं नाही. उलट खिडकीतून गार वारं येतं म्हणून मीच तिच्या पट्ट्यांना पुठ्ठा लावून दिला होता.

मग आईचं डोकं दुखायला लागलं. वय बहात्तर, बीपी आहे, त्यामुळे सगळ्यांनी बीपीवरच ढकललं. आंघोळ झाली की डोकं जड, मळमळ, चहा नको म्हणायची, आणि दहा-अकरापर्यंत परत बरी. रोज हेच. असं आठ दिवस चाललं आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही की हे आंघोळीनंतरच का होतं. मग एका शनिवारी दार उघडून बाहेर आली आणि उंबरठ्यातच खाली बसली, डोळे फिरवले. बाहेर येऊन पडली म्हणून वाचली, आतून कडी असती आणि आतच पडली असती तर काय, ते मला अजूनही रात्री आठवतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोरोनाच्या वेळचं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतं, लावलं तर ९७ दाखवलं. आम्ही म्हटलं चला, ऑक्सिजन तर बरा आहे. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आंघोळीला पाणी कशावर तापवता? मग त्यांनी सांगितलं की ते यंत्र इथं फसतं. जळण अर्धवट झालं की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं रक्त आणि हा गॅस चिकटलेलं रक्त यातला फरकच कळत नाही, दोन्ही त्याला लालच. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. आईला मास्क लावून कितीतरी तास ऑक्सिजन दिला, दुसऱ्या दिवशी घरी आणली. म्हणून सांगतो, असं कोणाला झालं तर आधी त्याला उघड्यावर आणा, गॅस बंद करा, १०८ ला फोन करा, आणि दवाखान्यात स्वतःहून सांगा की घरात गॅस गीझर आहे. न विचारता सांगा.

त्या रात्री भाचीचा व्हिडिओ कॉल आला, ती लग्नानंतर इंग्लंडात असते. तिच्या हॉलमध्ये भिंतीत जुनी कोळशाची शेगडी, ती फायरप्लेस, त्यात त्यांनी मागल्या वर्षी गॅसवर जळणारी फायर बसवून घेतली. मला वाटायचं हे सगळं शोभेचं. तिनं सांगितलं तेव्हा मी ऐकतच राहिलो. तिथं गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेलाच माणूस लागतो, त्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं की याला कुठलं कुठलं काम करायची परवानगी आहे. त्यानं आधी चिमणी झाडून घ्यायला लावली. मग शेगडीत धुराची गोळी पेटवली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन वर पाहिलं, धूर धुराड्यातून निघतोय का. फायर बसवून झाल्यावर दारं-खिडक्या लावून, किचनचा एक्झॉस्ट चालू करून परत धूर सोडला, कारण पंखा जोरात ओढायला लागला तर चिमणीतून वर जाणारा धूर उलटा खोलीत येऊ शकतो. शेगडीच्या खोलीत एक अलार्म, आणि दर वर्षी सर्व्हिस. एवढं सगळं एका शेगडीसाठी. शेवटी ती म्हणाली, मामा, आपल्या गीझरचा धूर जातो कुठं?

मी गीझर जाऊन पाहिला. वर जाळी आहे, जळालेली हवा तिथून निघते आणि सरळ बाथरूममध्ये येते. आपल्याकडे मिळतात त्या बहुतेक छोट्या गीझरांना चिमणीच नसते. आमच्या आजीचा तांब्याचा बंब होता, पऱ्हाट्या आणि शेणाच्या गोवऱ्यांवर पेटायचा, तो आजी परसातच पेटवायची, पावसात पत्र्याखाली घ्यायची पण न्हाणीत कधी नेला नाही. धूर डोळ्याला झोंबायचा म्हणून सगळ्यांना कळायचं. हा कार्बन मोनॉक्साईड झोंबत नाही, दिसत नाही, वास येत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम टाकलेला असतो, गळती कळावी म्हणून. जळून झाल्यावर तयार होणाऱ्या या विषाला वासच नाही.

त्या रात्री झोप नव्हतीच म्हणून दुकानाच्या बिलाच्या मागे हिशोब मांडला. असा गीझर फुल चालला तर तासाला साधारण एक किलो गॅस खातो, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आंघोळीला पाव किलो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण तेरा घनमीटर हवा लागते, म्हणजे पाव किलोला सव्वातीन घनमीटर. आमचं बाथरूम चार बाय सहा फूट, उंची आठ, सगळी हवा मिळून साडेपाच घनमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे एका माणसाच्या आंघोळीला बाथरूमच्या निम्म्याहून जास्त हवा नुसत्या ज्योतीला पाहिजे, आणि मी वर खिडकी बंद केलेली. हवा कमी पडत गेली की ज्योत अर्धवट जळते, विष तिथूनच सुरू होतं.

हां, तर फिटर. गल्लीतल्या एका काकांनी नंबर दिला. सोमवारी येतो म्हणाला, बुधवारी दुपारी आला, चाळिशीतला माणूस, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि अगरबत्तीचा पुडा. मला आधी वाटलं देवाचं काहीतरी करतो की काय. मी म्हटलं दादा, याच जागेवर नीट करून द्या, खिडकी उघडी ठेवू, एक्झॉस्ट फॅन लावू. तो काही बोललाच नाही, मला आत घेतलं, दार लावलं, अगरबत्ती पेटवली आणि गीझरच्या जाळीपाशी धरली. धुराची रेघ सरळ वर छतापर्यंत गेली, तिथं वाकली, पसरली आणि हळूहळू आमच्या दोघांच्या नाकापर्यंत खाली आली. तिथंच तरंगत राहिली. बाहेर काहीच गेलं नाही. मला म्हणतो, "धूर कोठे जास, भाऊ?" भाचीनं विचारलेला प्रश्न, शब्दाला शब्द, अहिराणीत. माझ्या अंगावर काटा आला. मग म्हणाला फॅन लावाल, पण लाईट गेली की फॅन बंद पडेल आणि गीझर सेलवर चालूच राहील, मग? आणि लाईट जाते म्हणूनच तर आम्ही तो घेतला होता! शेवटी सरळ सांगितलं, "आठे नही लावसू मी." दुसऱ्याकडून लावून घ्या, पण मी बाथरूमच्या आत लावत नाही.

मग काम केलं ते असं. बाथरूमची मागची भिंत परसाला लागून आहे, त्या भिंतीच्या बाहेरून गीझर लावला, वर पत्र्याचं छोटं छत, तिन्ही बाजू मोकळ्या. भिंतीला भोक पाडून गरम पाण्याची पाईप आत आणली, ती सीपीव्हीसीची, पिवळसर रंगाची असते ती, साधी पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडते म्हणाला आणि जुनी वाकलेली पाईप हातात देऊन दाखवली. किचनचा टी काढून टाकला आणि आमचा दुसरा सिलिंडर बाहेर उभा केला. मी गटाराच्या चेंबरशेजारी जागा दाखवली तर नको म्हणाला, गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली उतरतो आणि अशा खड्ड्यात साचून राहतो, म्हणून चेंबरपासून लांब, सपाट फरशीवर. नळी नवीन, केशरी रंगाची, आत तारांची जाळी असलेली सुरक्षा होज, दीड मीटरची, मधे जोड नाही. तिच्यावरची तारीख वाचून दाखवली आणि पाच वर्षांनी बदला म्हणाला. आमची हिरवी नळी वाकवली तर तिला केसासारख्या चिरा होत्या, तीच रोज किचनमधून गेली होती.

सगळं जोडून झाल्यावर वाटीत निरमा कालवला आणि ब्रशनं प्रत्येक जोडाला फेस लावत गेला. गीझरच्या खालच्या नटपाशी एक बुडबुडा आला, मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, फुटला, परत आला. नट उघडला, आतलं वॉशर बदललं, परत फेस, परत पाच मिनिटं बघत बसला. घाई नाही. मग गीझर चालू करून मला ज्योत दाखवली, निळी. पिवळी दिसली किंवा वर काजळी धरली तर त्याच दिवशी बंद करायचा, अन् मला बोलवा, असं बजावलं त्यानं. आईनं त्याला भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही, आणि जेवतानासुद्धा तो तिला समजावत होता की माय, अगोदर बादली भरून घे, गीझर बंद कर, मग आंघोळ कर.

पैसे : मजुरी १४००, सामान धरून २६५०, पावती दिली. मला जास्त वाटले नाहीत.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण सांगतो. बाहेर असल्यामुळे जोराचा वारा सुटला की कधी कधी ज्योत विझते, नळ बंद करून परत सोडावा लागतो. सुरुवातीचं एक-दोन तांबे पाणी गार येतं. आपल्याकडच्या जड पाण्यानं गीझरच्या आत क्षार बसतात, त्यासाठी वर्षाला साफसफाई करावी लागेल असं त्यानं सांगितलं पण तारीख द्यायला तयार नाही, फोन करा म्हणतो, आणि फोन उचलत नाही. भोकाभोवतीचं सिमेंट जरा ओबडधोबड आहे. पाचपैकी साडेचार.

शिवाय भाचीच्या सांगण्यावरून कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म मागवला, ऑनलाईन मिळतो, सेलवर चालतो. घेताना ईएन ५०२९१ (युरोपातलं मानक) लिहिलेलं बघा, त्यात ३०० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग हा गॅस झाला की, तीन मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे असा नियम आहे. हा वेगळा आणि गॅस गळतीचा अलार्म वेगळा, गळतीचा जमिनीजवळ लावतात कारण गॅस खाली जातो, हा डोक्याच्या उंचीला. धुराच्या अलार्मला यातलं काहीच कळत नाही. आणि सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर १९०६ नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, आम्ही फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलाय.

आईचं डोकं त्या दिवसापासून एकदाही दुखलं नाही. बाथरूमच्या दाराची आतली कडी मी काढून टाकली, नुसता पडदा अन् दार लोटलेलं.

परवा शिरपूरला बहिणीकडे गेलो होतो. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो तर गीझर आत, खिडकी बंद, वर टॉवेल वाळत घातलेला. मी तो तिथल्या तिथं बंद केला, सेल काढून खिशात टाकले, ती चिडली, चिडू दे. फिटरला अकरा फोन केले तेव्हा उचलला, रविवारी सकाळी आम्ही दोघं शिरपूरला जातोय.