गोचीडतापाची 'लस' आणि आमचा शेंग्या

ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांना आधी एक सांगते, बाकीचं नंतर. कुत्र्याला गोचीडताप होऊ नये म्हणून टोचायची लस आपल्याकडे बाजारात मिळत नाही. दारात येऊन कुणी 'वर्षभराची लस आहे, गोचीडताप जवळ येणार नाही' म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. एवढी एक गोष्ट मला आधी माहीत असती तर शेंग्याचे ते तीन दिवस तसे गेले नसते.

शेंग्या चार वर्षांचा आहे. कुंभारीच्या रस्त्याला सापडला तेव्हा तळहातावर मावत होता. रंग भाजलेल्या शेंगदाण्याचा, म्हणून माझ्या मुलीने हे नाव ठेवलं. आम्ही सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत राहतो. मी घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, मालक टॉवेलच्या कारखान्यात आहेत. शेंग्या दिवसभर माझ्या मशीनखाली, पायडलच्या बाजूला, जुन्या सोलापुरी चादरीवर पडून असतो.

त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणजे मोठं काम. रिक्षावाला कुत्रं बघितलं की पुढे निघून जातो. बाईकवर बावीस किलोचं जनावर धरून बसायचं कसं? म्हणून गल्लीत जेव्हा 'घरी येऊन लस देतो' असा माणूस यायला लागला, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. काळी बाईक, मागे थर्माकोलचा डबा, गळ्यात स्टेथोस्कोप. गुलाबी कार्डावर नावाआधी 'डॉ.' आणि खाली 'पेट कन्सल्टंट'. शेजारच्या पद्मशाली आजींशी तेलुगूत बोलायचा, आमच्याशी मराठीत. 'काय अक्का, कसाय आमचा शेंग्या?' म्हणायचा. खरं सांगायचं तर कुत्र्यांना हाताळायला त्याला छान यायचं. पोस्टमनवर भुंकणारा शेंग्या त्याच्या मांडीवर डोकं टाकून बसायचा. आमचा विश्वास त्यानेच बसला. जनावराला माणूस कळतो असं आपण म्हणतो, आणि मीही तेच म्हणत होते.

दोन वर्षांत त्याने शेंग्याला चार इंजेक्शनं दिली. दोनदा रेबीज, एकदा 'नऊ रोगांची', आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये ही गोचीडतापाची. रेबीजचे ३०० रुपये घेतले, नऊ रोगांचे ८००, आणि हिचे १८००. 'नवीन आलीय, महाग आहे, पण सोलापूरच्या उन्हाळ्यात गोचीड किती होतात तुम्हाला माहीतच आहे,' म्हणाला. १८०० म्हणजे माझी चार-पाच दिवसांची मजुरी. मी फोनवरून पैसे पाठवले. स्क्रीनवर आलेलं नाव कार्डावरच्या नावाहून वेगळं होतं. विचारलं तर म्हणाला, 'भावाचं खातं आहे.' मी पुढे विचारलं नाही.

बाटली त्याने हातात धरली होती तेव्हा लेबल अंगठ्याखाली होतं. डबा उघडला तेव्हा त्यात बर्फाची पिशवी होती, पण पाणी झालेली, आणि वर दुपारचं ऊन. हे सगळं मी डोळ्यांनी बघितलं. तेव्हा त्यात काही खटकायला हवं, हे मला माहीत नव्हतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पारा ४२-४३ च्या घरात होता. एका सकाळी शेंग्याने भाकरी हुंगली आणि तोंड फिरवलं. दुपारी पाणी पिऊन परत आडवा झाला. कान हाताला गरम लागत होते. मी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, 'ऊन लागलंय अक्का. इलेक्ट्रॉल पाजा, ओल्या फडक्याने पुसा.' मी विचारलं, गोचीडताप तर नसेल? माझ्या मनात ते आलं होतं, कारण आदल्याच आठवड्यात त्याच्या कानाच्या आत मला एरंडीच्या बीएवढी फुगलेली गोचीड सापडली होती. त्यावर तो हसला. 'लस दिलीय ना आपण? तो आता येऊच शकत नाही.'

मी फोन ठेवला आणि इलेक्ट्रॉल आणायला गेले. त्या एका वाक्याचं मला आजही वाईट वाटतं. पैसे गेले ते गेले. पण त्या माणसाने मला काळजी करायची सोडायला लावली. मनात बरोबर शंका आली होती आणि मी ती स्वतःच्या हाताने बाजूला ठेवली. दुसरा दिवसही तसाच गेला. मालक म्हणाले क्रोसिन देऊन बघू. देवाची कृपा की घरात गोळी नव्हती. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन असल्या माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विषासारख्या ठरू शकतात, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी लाईट लावली तर फरशीवर रक्ताचे थेंब. मशीनपासून न्हाणीपर्यंत, एकामागे एक, कुंकवाच्या टिकल्यांसारखे. शेंग्या न्हाणीच्या थंड फरशीवर पडला होता आणि नाकाच्या एका बाजूने रक्त येत होतं. मी त्याचा ओठ वर केला. हिरड्या नेहमी गुलाबी असतात, त्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या.

शेजारच्या पोराने त्याचा टेम्पो काढला. होटगी रोडच्या बाजूला एका डॉक्टरांकडे नेलं. ताप १०५. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. कानातून रक्ताचा थेंब घेऊन काचेवर पसरला, पायातून रक्त काढून तपासणीला दिलं, एका किटवर दोन थेंब टाकले. दहा मिनिटांत किटवर रेघ उमटली. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू. प्लेटलेट २८,०००. निरोगी कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असतात. त्या रक्त गोठवायचं काम करतात, त्या संपत आल्या म्हणून नाकातून रक्त येत होतं.

मी म्हटलं, 'पण डॉक्टर, याला तर गोचीडतापाची लस दिलीय.'

त्यांनी मान वर केली. 'कुणी दिली?'

मी पिशवीतून शेंग्याची वही काढून दिली. ते एकेक पान उलटत गेले, मग खुर्ची जवळ ओढून मला दाखवायला लागले. लसीच्या बाटलीवर सहसा सोलून निघणारं स्टिकर असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असते. खरा डॉक्टर लस दिली की ते काढून वहीत चिकटवतो, शेजारी सही करतो, शिक्का मारतो, आणि शिक्क्यात त्याचा नोंदणी क्रमांक असतो. महाराष्ट्रात ती नोंदणी नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे होते. पदवी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. असते. १९८४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याला जनावरांवर डॉक्टर म्हणून उपचार करता येत नाहीत. डिप्लोमा केलेले लोक लसीकरणासारखी छोटी कामं करू शकतात, पण नोंदणी झालेल्या डॉक्टरच्या देखरेखीखाली.

आमच्या वहीत चार नोंदी होत्या आणि स्टिकर एकच. बाकी तीन ठिकाणी पेनाने लिहिलेलं आणि खाली एक वळसा, सही म्हणून. ते एक स्टिकर रेबीजच्या ओळीत होतं. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. नाव रेबीजच्या लसीचं नव्हतंच, पार्व्हो-डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्याच रोगांच्या लसीचं होतं. आणि मुदत संपल्याची तारीख, शेंग्याला ती टोचली त्याच्या दोन महिने आधीची.

'नऊ रोगांची' लस देताना त्याने बाटल्या किती उघडल्या, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं एकच, पाण्यासारखं औषध होतं, थेट सिरिंजमध्ये ओढलं. ते म्हणाले, त्या लसीत एका बाटलीत कोरडी वडी असते आणि दुसरीत पातळ औषध. दोन्ही डोळ्यांसमोर मिसळून मग टोचतात. लस कुठलीही असो, २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. उन्हात फिरलेल्या डब्यातली खरी लस असली तरी तिचा उपयोग राहत नाही.

मला घेरी आली ती गोचीडतापाने नाही, रेबीजच्या ओळीने. त्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बार्शीहून माझी बहीण पोरासकट आली होती. पोरगा सहा वर्षांचा. हाड चघळत असलेल्या शेंग्याची शेपटी ओढली आणि शेंग्याने दात लावला. मनगटावर ओरखडा, रक्ताचा ठिपका. बहीण म्हणत होती सिव्हिलला जाऊन इंजेक्शन घेऊ. मी ही वही तिच्यापुढे ठेवली. 'हे बघ, रेबीजची झालीय, कशाला पोराला टोचतेस?' आणि ती थांबली.

डॉक्टरांना हे सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. त्यांनी शांतपणे सांगितलं, चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा धडधाकट राहिला तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नसतो, आणि शेंग्याला तर तीन महिने होऊन गेले होते. पोराला धोका नव्हता. पण पुढचंही सांगितलं. कुत्र्याला खरी लस दिलेली असली तरी चावल्यावर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दहा दिवस बघू आणि मग ठरवू, असं घरी बसून करायचं नाही. त्या रात्री मी बहिणीला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'शेंग्याकडे बघ आता.'

शेंग्याला पाच दिवस रोज सलाईन लागलं. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या अठ्ठावीस दिवस. मी आधी गोळी दुधातून देणार होते, डॉक्टरांनी अडवलं. दुधाने ती गोळी नीट अंगी लागत नाही. भाताच्या गोळ्यात लपवून द्यायची. आठव्या दिवशी बरा वाटला म्हणून थांबायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आणि घरातल्या गोचिडी. मला वाटायचं त्या कुत्र्याच्या अंगावर असतात. त्या रक्त पिऊन खाली उतरतात आणि भिंतीच्या भेगांत जातात. एक मादी हजारोंनी अंडी घालते. मी शेंग्याची चादर उन्हात झटकली तर विणीच्या घड्यांत मोहरीएवढी पिल्लं चालत होती. कूलरच्या मागच्या भिंतीवर, चौकटीच्या फटीत, कपाटाच्या पायाशी. चादर उकळत्या पाण्यात टाकली, भेगा सिमेंटने बुजवल्या, अंगावरच्या गोचिडी चिमट्याने मुळाशी धरून काढल्या. गोचीड नखाने चिरडायची नाही. डॉक्टरांनी शेंग्याच्या वजनावरून गोचिडींसाठी चघळायची गोळी दिली. ती ठराविक दिवसांनी परत द्यावी लागते. तिने गोचिडी मरतात, पण ती लस नाही. एकदा दिली की वर्षभर पुरली, असं तिचं नसतं.

मालकांनी त्या माणसाला फोन केला. आधी म्हणाला, 'तुमचं कुत्रंच नाजूक आहे.' वहीचं विचारलं तर फोन कट, आणि नंतर नंबर बंद. पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, कार्ड, वहीची पानं असं सगळं जोडून पोलिसांकडे आणि पशुसंवर्धन खात्यात लेखी अर्ज दिलाय. पोच घेतलीय, ती जपून ठेवलीय.

मग आम्ही गल्लीतल्या वह्या गोळा केल्या. सहा घरं. पद्मशाली आजींच्या वहीत रेबीजचं स्टिकर होतं, मुदतही पुढची होती. मला हायसं वाटलं. आजींच्या नातीने त्यावरून सहज नख फिरवलं आणि कडा वर आली. ते स्टिकर नव्हतंच. कलर झेरॉक्स, कात्रीने कापलेली, डिंकाने चिकटवलेली. एका कोपऱ्यात अक्षर अर्धं कापलं गेलं होतं.

पुढच्या रविवारी त्या टेम्पोतून गल्लीतली पाच कुत्री एकदम डॉक्टरांकडे गेली आणि खरी लस घेऊन आली. शेंग्याला आजारातून उठेपर्यंत थांबावं लागलं. महिनाभराने त्याच्या प्लेटलेट दोन लाख दहा हजार आल्या. भाकरी खातो, पोस्टमनवर भुंकतो.

गेल्या आठवड्यात जुळे सोलापुरातल्या माझ्या एका मैत्रिणीने गुलाबी कार्डाचा फोटो पाठवला. नाव दुसरं, नंबर दुसरा, खाली तेच 'पेट कन्सल्टंट'. म्हणाली, फार चांगला माणूस आहे, कालच येऊन आमच्या पिल्लाला रेबीजची देऊन गेला, वहीत स्टिकरही लावलंय. मी तिला म्हटलं, फोन चालू ठेव, वही आण, आणि त्या स्टिकरच्या कडेला नख लाव.

फोनवर मला कागद टरकल्याचा आवाज आला.