बोलायला शिकवणारं ॲप आणि त्याने कापलेले शांततेचे गुण

गेल्या आठवड्यात बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या एका ॲपसाठी माझ्या खात्यातून पुढच्या वर्षाचे पैसे परस्पर वळते झाले. आधी साधा मेसेजही नाही. सबस्क्रिप्शन रद्द करायला गेले तर पडद्यावर सूचना आली, की रद्द केल्याक्षणी आजवरची सगळी रेकॉर्डिंग्ज बंद होतील. आवाज माझा, वाक्यं माझी, आणि तीच ऐकायला दरवर्षी पैसे मीच भरायचे! कस्टमर केअरशी बरीच हुज्जत घातल्यावर रक्कम परत आली. रेकॉर्डिंग्ज मात्र एकेक करून उतरवून घ्यावी लागली, कारण सगळी एकदम डाउनलोड करायची सोयच ठेवलेली नाही. त्या निमित्ताने ती सलग ऐकली आणि या ॲपबद्दल इतके महिने मनात घोळत होतं ते स्पष्ट झालं. म्हणून हा सविस्तर अनुभव.

अशी ॲप्स काय करतात ते वेगळं सांगत बसत नाही. फोनसमोर बोलायचं, ते वेग मोजतं, फिलर म्हणजे बोलताना मध्येच येणारे भरतीचे शब्द आणि आवाज मोजतं, कृत्रिम आवाजातला एक ‘क्लायंट’ प्रश्न विचारतो आणि शेवटी शंभरपैकी गुण पडतात. माझं काम प्रकल्प सांभाळण्याचं. क्लायंट, तांत्रिक टीम आणि वरिष्ठ या तिघांना एकच गोष्ट तीन तऱ्हांनी सांगण्यात माझा निम्मा दिवस जातो. त्यासाठी हे घेतलं होतं.

सुरुवातीचे आठवडे छान गेले. वाक्यामागून वाक्याला चिकटलेलं ‘बेसिकली’ माझ्याच कानाला खटकायला लागलं आणि आपोआप कमी झालं. ते मोजणीमुळे झालं असं मला वाटत नाही, स्वतःचं बोलणं पुन्हा ऐकण्यामुळे झालं. फोनमधल्या फुकटच्या रेकॉर्डरवरही हे जमतं. फिलर शून्यावर आणण्याचा ॲपचा हट्टही मला पटलेला नाही. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या संशोधकांनी २००२ मध्ये इंग्रजी बोलण्यातल्या ‘अ’ आणि ‘अम्’ या आवाजांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पहिला बहुधा छोट्या थांब्याआधी येतो, दुसरा मोठ्या थांब्याआधी. म्हणजे बोलणारा समोरच्याला कळवत असतो, की थांबा, माझं संपलेलं नाही. अती झालं की त्रास होतो हे खरं, पण अधूनमधून येणारा असा आवाज काढून टाकून कोणाचं काही भलं होत नाही.

आता मुख्य तक्रार. हे ॲप शांततेचे गुण कापतं. दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं की आलेखावर लाल पट्टी येते आणि खाली शेरा पडतो, ‘आत्मविश्वास कमी वाटतो’. प्रश्न कुठलाही असो, नियम तोच. ‘बैठक किती वाजता आहे?’ याला आणि ‘हा प्रकल्प बंद करावा असं तुम्हाला वाटतं का?’ यालाही. दुसऱ्या प्रश्नाला जो पाऊण सेकंदात उत्तर देतो त्याच्या हाती मी माझा प्रकल्प देणार नाही.

हा नियम कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. गप्पांमध्ये माणसं खरोखरच चटकन बोलतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा वेगवेगळ्या भाषांमधली संभाषणं तपासली होती. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्यातलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. पण ती रोजच्या बोलण्याची लय झाली. कामाच्या बैठकीत प्रश्न विचारून थांबणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्यावरही जुनं, भक्कम काम झालेलं आहे. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांमधली रेकॉर्डिंग्ज तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर मुलांची उत्तरं लांब झाली, कारणांसह यायला लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. बैठकीतली मोठी माणसं याहून फार वेगळी नसतात.

माझ्याच कामातला प्रसंग सांगते. क्लायंटकडच्या व्यवस्थापकांनी डिलिव्हरीची तारीख दोन आठवडे अलीकडे आणायला सांगितलं. एरवी मी लगेच अडचणींची यादी वाचली असती. त्या दिवशी फक्त विचारलं, ‘त्या तारखेला तुमच्या हातात नेमकं काय असायला हवं?’ आणि गप्प राहिले. ते गप्प, मी गप्प. कॉलवर अशी शांतता खूप लांब वाटते, माझ्याकडचा एक सहकारी तर बोलायला तोंड उघडत होता, त्याला हाताने थांबवलं. मग ते म्हणाले, ‘सगळं नकोय हो मॅडम. आमच्या संचालकांपुढे रिपोर्टचा भाग दाखवता आला तरी चालेल.’ वाद तिथेच मिटला. रिपोर्ट आधी दिले, बाकीचं ठरलेल्या तारखेला. त्याच संध्याकाळी हा प्रसंग मी ॲपवर जसाच्या तसा वठवून पाहिला. गुण पडले त्या महिन्यातले सर्वांत कमी, कारण एकच, ‘दीर्घ विराम’.

त्यात आणखी एक खोट आहे. इंटरनेट मंद असलं की कृत्रिम क्लायंटचा आवाज उशिरा पोचतो, आणि तो उशीर ॲप माझ्या थांबण्यात धरतं. दूरध्वनीवरचं संभाषण सुरळीत वाटावं म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवण्याची शिफारस केलेली आहे. त्याच्या पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात, आणि दोष तारांचा असूनही समोरचा माणूस थंड किंवा बेफिकीर वाटतो. ऑनलाइन बैठका घेणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवायला हवं: कॉलवर प्रश्न विचारला की समोरासमोर थांबाल त्याहून थोडं जास्तच थांबा. हे ॲप नेमकं उलटं वळण लावतं. मी स्क्रीनशॉट जोडून, वेळा लिहून कस्टमर केअरला कळवलं. उत्तर आलं, ‘विराम कमी केल्यास आपला स्कोअर सुधारेल.’ पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच वाक्य. आजतागायत ती तक्रार ‘निराकरण झाले’ अशी दाखवतंय, आणि याचा मला अजूनही संताप येतो.

मध्यंतरी मी याला पाचपैकी दोन तारे देऊन बसले होते. मत बदललं ते ‘आधी निर्णय’ नावाच्या सरावामुळे. मेनूत इतका खाली लपवलाय की शोधून काढावा लागतो. यात पहिल्या वीस सेकंदांत सांगायचं, की काय हवंय, कधीपर्यंत, आणि नाही मिळालं तर काय होईल. वीस सेकंद झाले की माइक बंद. अमेरिकी लष्कराच्या पत्रव्यवहाराच्या नियमांतही मुख्य मुद्दा सर्वांत आधी मांडायचा दंडक आहे, म्हणजे कल्पना नवी नाही. पण माइक खरोखर बंद पडतो तेव्हाच ती अंगी लागते. माझा आठवड्याचा आढावा आधी असा असायचा: चाचणी कुठवर आली, पुरवठादाराने काय कळवलं, मग सर्व्हरचं काय झालं, आणि सरतेशेवटी तारीख हुकणार ही बातमी. आता तो असा सुरू होतो: ‘तारीख एक आठवडा पुढे जाईल. ते टाळायचं तर आजच दोन टेस्टर जास्तीचे हवेत. तुमचा होकार हवा आहे.’ बाकीचं विचारलं तर सांगायचं. वरिष्ठ हल्ली बहुतेक वेळा विचारतच नाहीत, सरळ निर्णय देतात. एवढ्या एका बदलाने माझ्या बैठका आखडल्या आहेत, आणि या सरावासाठी मी या ॲपची मनापासून ऋणी आहे.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे तुम्ही बोललात त्यातून त्याला काय कळलं ते ॲप तीन ओळींत लिहून दाखवतं. पहिल्यांदा वाचून धक्का बसला. मी जे अगदी उघड समजत होते ते त्या तीन ओळींत कुठेच नव्हतं. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी केलेला प्रयोग याच जातीचा. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर चालू असतो, ऐकणाऱ्यापर्यंत नुसती टकटक पोचते. तांत्रिक माणूस क्लायंटला काही समजावतो तेव्हा रोज हेच घडतं.

पण हे वैशिष्ट्य ॲपने अर्ध्यावर सोडलंय. माणसांकडून हेच कसं करून घ्यायचं, ते कुठेच शिकवत नाही. वैमानिक आणि विमानतळावरचे हवाई वाहतूक नियंत्रक सूचना परत म्हणून दाखवतात, त्या शिस्तीचं महत्त्व जगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. धुकं होतं, इतरही कारणं होती. पण वैमानिकाचं संदिग्ध वाक्य, त्यावर नियंत्रकाचं ‘ओके’, आणि पुढची सूचना रेडिओवर त्याच क्षणी आलेल्या दुसऱ्या संदेशात बुडणं, या साखळीत कोणाला काय कळलंय हे तपासायला जागाच उरली नाही. त्यानंतर रेडिओवरची ठरीव भाषा आणि सूचना परत म्हणून दाखवणं जास्त काटेकोर झालं. आपल्या कामात जीव जात नाहीत, पण बैठकीच्या शेवटी सगळे ‘ओके, डन’ म्हणून उठतात आणि आठवड्याने कळतं की तिघांनी तीन कामं केली.

मी आता शेवटची पाच मिनिटं राखून ठेवते. प्रत्येक जण आपलं काम आणि तारीख स्वतःच्या शब्दांत सांगतो. ‘कळलं ना?’ असं मी विचारत नाही, कारण त्याला कोणी नाही म्हणत नाही. ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, तुम्ही काय करणार ते एकदा सांगा’ असं म्हणते. यात कोणाचा मान दुखावत नाही. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सुरुवातीला हे शाळेसारखं वाटलं होतं, आता ते स्वतःच्या बैठकांतही करून घेतात. याला एक पैसा लागत नाही, म्हणून याबद्दल एवढं लिहितेय.

देहबोलीचा भाग घेऊ नका. वेगळे पैसे भरून उघडला तर पहिल्याच धड्यात सांगितलं, की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून जोडलेले आहेत. ते प्रयोग भावना आणि आवडनिवड यांच्याबद्दलचे होते, एकात तर लोकांना सुटे शब्द ऐकवले होते. हे आकडे सरसकट सगळ्या संवादाला लागू नाहीत, असं स्वतः मेहराबियन यांनीही स्पष्ट केलेलं आहे. ज्याची उपजीविका कोटेशनच्या अटी नीट समजावण्यावर चालते त्याला शब्दांचं मोल ७ टक्के आहे असं शिकवणं घातक आहे. या भागाचे पैसे परत मागितले, मिळाले नाहीत.

ईमेलचा भाग ठीकठाक. विषयाच्या ओळीतच मागणी आणि तारीख लिहा, एका मेलमध्ये एकच विनंती ठेवा, एवढं दोन उपयोगाचं हाती लागलं. बाकीचे तयार नमुने इतके गुळगुळीत आहेत की वाचणाऱ्याला लगेच कळतं, हे माणसाने लिहिलेलं नाही.

माझे तारे पाचपैकी तीन, त्यातले दोन एकट्या ‘आधी निर्णय’ सरावाचे. नुकतेच टीम लीड झालेल्यांनी, लोकांसमोर बोलताना घसा कोरडा पडणाऱ्यांनी महिन्याच्या हप्त्यावर घ्यावं, वर्षाचं अजिबात घेऊ नये, आणि ऑटो-रिन्यू पहिल्याच दिवशी बंद करावं. दोन-तीन महिन्यांत यातलं घेण्यासारखं घेऊन होतं. वाटाघाटी हेच ज्यांचं काम आहे त्यांनी या गुणांकडे बघूही नये, नाहीतर नको तिथे घाई करायची सवय लागेल. आम्ही दोन सहकारी हल्ली आठवड्यातून एकदा एकमेकांचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकतो आणि ‘मला काय कळलं’ ते तीन ओळींत लिहून देतो. प्रश्नानंतर बोलणारा किती थांबला याचीही नोंद करतो, फक्त आमच्याकडे लांब थांब्याला शाबासकी मिळते. विरामाची मर्यादा स्वतः ठरवता येईल असं एखादं ॲप कोणी वापरलं असेल तर खाली जरूर लिहा, मी पैसे भरायला तयार आहे.