गोळी सोडली तरी ठोके ठीक? गंडा तिथंच आहे

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतले एक काका आमच्या औषध दुकानाचे जुने गिऱ्हाईक. आजार एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसते थरथरतात आणि ठोके भरभर, वेडेवाकडे पडतात. ठोके ताळ्यावर ठेवणारी अमिओडॅरॉन २०० मिलिग्रॅम रोज एक, रक्ताची गुठळी होऊ न देणारी अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ. मध्ये दोन महिने ते फिरकलेच नाहीत. घरी येणाऱ्या एका 'वैद्या'नं ४,५०० रुपयांना चूर्णाची डबी दिली होती. महिन्यात गुण नाही तर पैसे परत. अट एकच, इंग्रजी गोळ्या सगळ्या बंद.

महिना सुखात गेला. काकांनी दुसरी डबी घेतली, पाहुण्यांनाही सांगितलं. सातव्या आठवड्यात मध्यरात्री धडधड, घाम. सीपीआर या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढला तर ठोके १४०.

त्या इसमानं आधी गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं होतं, हे काकांनी नंतर सांगितलं. मेख तिथंच आहे. अमिओडॅरॉन चरबीत, यकृतात, फुप्फुसात साठून राहतं. बरेच महिने घेतलेलं असेल तर बंद केल्यावर अंगातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी ५० दिवस लागतात, काहींना १०० सुद्धा. म्हणजे महिनाभर काम जुन्या गोळीनंच केलं आणि नाव झालं चुर्णाचं. 'महिन्याची हमी' अशी फुकटात निभते! ठोके हळू करणारं मेटोप्रोलॉल असतं आणि ते एकदम तोडलं असतं तर दोन-चार दिवसांतच ठोके उसळले असते आणि पितळ उघडं पडलं असतं.

अपिक्साबॅनचं मात्र उलटं. त्याचा असर दोन दिवसांत उतरतो. ठोके शांत वाटत होते, पण हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका रोज होता. काकांना लकवा झाला नाही, हे नशीब.

दर भेटीत तो 'वैद्य' बोटाला ऑक्सिमीटर लावून "बघा, ७८" म्हणायचा. या आजारात बरेच ठोके मनगटापर्यंत, बोटापर्यंत पोचतच नाहीत. छातीत १२० असले तरी यंत्र ८०-९० दाखवू शकतं. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजायचं, नाहीतर सरळ ईसीजी.

कुणी या फेऱ्यात असेल तर गोळ्या आपल्या मनानं दुप्पट करून भरपाई करू नका; अमिओडॅरॉन परत किती, कसं चालू करायचं ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील, सोबत थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्याही बघतील. अपिक्साबॅनबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली किंवा हातातलं बळ गेलं तर वाट न बघता १०८. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

उरलेलं चूर्ण फेकू नका. डबी, यूपीआयचा स्क्रीनशॉट, पत्रक, सगळं घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या. हृदयरोग बरा करण्याची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. काकांच्या डबीवर ना बॅच नंबर होता, ना परवाना नंबर. मोबाईल नंबर तेवढा ठळक होता, तो आता लागत नाही.