पांढऱ्या चादरी आणि वीस टक्के: होमस्टे सांभाळून देणाऱ्या सेवेचा वर्षभराचा अनुभव

परवा महिन्याच्या हिशेबात 'लिनन रिप्लेसमेंट' (म्हणजे चादरी बदलण्याचा खर्च) या नावाखाली २,१०० रुपये कापलेले दिसले आणि डोकं फिरलं. म्हणून लिहायला बसले.

कंपनीचं नाव घेत नाही. अशा सेवा आता बऱ्याच आहेत आणि त्या काय करतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे: घर बुकिंगच्या पोर्टलवर चढवायचं, पाहुण्यांना उत्तरं द्यायची, आलेल्या पैशांतले वीस टक्के स्वतःकडे ठेवायचे. ही 'ज्येष्ठांसाठी खास' आहे म्हणून मुलाने आमच्या गळ्यात मारली. आमचं घर कोकणात, दापोलीकडच्या आंजर्ल्यात. माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, न्याहारी मी करते.

तर चादरी. करारात अट आहे, गादीवर पांढरीच चादर हवी. फोटोत उठून दिसते म्हणे. फोटो काढायला आलेला मुलगा अंगणात अनवाणी फिरला आणि तसाच माडीवर गेला, तर प्रत्येक पायरीवर त्याच्या तळव्याचा तांबडा ठसा. तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. जांभ्याची माती आहे ही, पायाला लागते, कपड्याला लागते आणि पांढऱ्यावर बसली की उठत नाही.

त्यात पाहुणे. मे महिन्यात गादीवर बसून गरे खातात, आमरसाची वाटी उशाशी ठेवतात. एका बाईंनी कोकमाच्या आगळाचा अख्खा पेला लवंडला. सोडा, लिंबू, नीळ, सगळं करून झालं, जांभळट गोल काही गेला नाही. दुहेरी पलंगाची चादर भिजली की केवढी जड होते ते पिळणाऱ्यालाच ठाऊक. एक टोक हे धरतात, एक मी, आणि संध्याकाळी दोघंही कंबरेला मलम चोळत बसतो. पावसाळ्यात पडवीतल्या दोरीवर चार-चार दिवस वाळत नाही, मग कुबट वास येतो, मग पुन्हा धुवा. लॉन्ड्रीला दापोली गाठायची म्हणजे वीस-पंचवीस किलोमीटर. आणि माझ्या कपाटात सोलापुरी चादरींची चळत पडून आहे! गडद रंगाच्या, वर्षानुवर्षं टिकणाऱ्या. त्या घालू का विचारलं, तर 'गाइडलाइनमध्ये बसत नाही'. करारात 'धुलाईसाठी साहाय्य' असंही एक कलम आहे. हे साहाय्य म्हणजे डाग कसे काढावेत याचा व्हिडिओ. व्हिडिओतल्या मुलीकडे ड्रायर आहे.

एकच तारा द्यायचा असं ठरवून जुने हिशेब काढले, पुराव्याला. तिथे जरा गाडी अडली.

पोर्टलवर आमची नोंदणी मुळात भाच्याने केली होती आणि पॅनचा रकाना रिकामाच सोडला होता. पॅन नसला की पोर्टल ५ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, कापतं. असला तर दर ०.१ टक्का, आणि पोर्टलवरून वर्षाला होणारी एकूण विक्री पाच लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीचा पॅन किंवा आधार दिला असेल तर कापायचाच नसतो. आम्हाला काय पत्ता! कंपनीच्या फोनवरच्या मुलीने पहिल्याच महिन्यात हे पकडलं. "काकू, हे पैसे फुकट चाललेत," म्हणाली आणि फोनवरच पॅन भरून घेतला. गेले ते गेले, पुढची गळती थांबली.

तीच गोष्ट सी-फॉर्मची. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी पोर्टलवर भरावी लागते. मग पाहुणा लॉजवर उतरो की आमच्या माडीवर. जर्मन जोडपं आलं तेव्हा आमच्याकडे रेंज फक्त विहिरीपाशी. यांनी तिथे उभं राहून पासपोर्टचे आणि व्हिसाचे फोटो त्या फोनवरच्या मुलीला व्हॉट्सॲपवर पाठवले, अर्ध्या तासात फॉर्म भरून झाला.

आणि कासवं. आंजर्ल्याला बरेच जण कासवांसाठी येतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, पिल्लं अमुक सकाळी बाहेर येतीलच असं कुणी सांगू शकत नाही. एका कुटुंबाला दिसली नाहीत म्हणून आम्हाला तीन तारे! पिल्लं काय मी डब्यात भरून ठेवलीत? एअरबीएनबीवर 'सुपरहोस्ट' हा चांगल्या यजमानाचा बिल्ला हवा तर ताऱ्यांची सरासरी ४.८ लागते, नव्वद टक्के चौकशांना २४ तासांच्या आत उत्तर लागतं. त्या तीन ताऱ्यांना उत्तर मी लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं. फोनवरच्या मुलीने शांतपणे चार ओळींचं उत्तर लिहिलं आणि 'पिल्लं दिसण्याची खात्री नाही' हे घराच्या माहितीत पहिल्याच ओळीत टाकलं.

म्हणजे फोनवरची मुलगी पाच तारे, चादरींचं धोरण शून्य. सरासरी काय ती तुम्ही काढा. ज्यांचे आईवडील अशा करारावर सही करणार आहेत त्यांनी एवढंच विचारावं: धुणं कोण धुणार आणि फाटल्या-डागाळल्याचे पैसे कोणाच्या खिशातून?

आमचा करार गणपतीनंतर संपतो. मी लेखी कळवलंय: फोन, फॉर्म, हिशेब तुमच्याकडे, चादरी माझ्या, टक्के बारा. आणि २,१०० परत. ज्या चादरी बदलल्या म्हणतात त्या अजून इथे पोचलेल्याच नाहीत.