पिंजऱ्याविना रोबो: बळाला लगाम की अंतरावर नजर?

वाळूज एमआयडीसीतल्या कारखान्यात जुळणीला रोबो हवाय, पण त्याभोवतीच्या सुरक्षा-पिंजऱ्याला जागा नाही? मग मुख्य वाटा दोन: बळ-मर्यादा आणि अंतर-देखरेख.

बळ-मर्यादेत धक्का लागला तरी इजा होऊ नये, असा हिशेब. माणसासोबत काम करणाऱ्या रोबोंसाठीच्या आयएसओ/टीएस १५०६६ (२०१६) या आंतरराष्ट्रीय तांत्रिक दस्तऐवजानुसार हात दाबला गेला तर मर्यादा १४० न्यूटन, चेहऱ्याला ६५. जागा वाचते, वेग मात्र कमी ठेवावा लागतो. ग्रिपरमध्ये, म्हणजे रोबोच्या पकडीत, धारदार पत्रा असेल, तर नुसतं ‘कोबॉट’ (माणसासोबत काम करणारा रोबो) हे नाव बोट वाचवत नाही.

अंतर-देखरेखीत लेझर स्कॅनर माणूस जवळ येताच रोबो थांबवतो. माणसाची चाल सेकंदाला १.६ मीटर धरतात. थांबायला अर्धा सेकंद लागला की ८० सेंटिमीटर तिथेच गेले, वर थांबेपर्यंत रोबो स्वतः सरकतो ते अंतर वेगळं. स्कॅनरच्या काचेवर धूळ बसली, की लाइन उगाच थांबते.

शेजारी बसून स्क्रू आवळायचे तर पहिली वाट. जड माल, मोठा वेग आणि माणूस अधूनमधूनच येणार असेल तर दुसरी.