ग्रीन बीन कॅसरोल: डब्यातलं सूप, फरसबी आणि वरचा तळलेला कांदा

न्यू जर्सीत आले त्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने थँक्सगिव्हिंगच्या अमेरिकन सणाला घरी जेवायला बोलवलं होतं. टेबलावर मधोमध टर्की, मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या ताटात कुस्करलेला बटाटा, क्रॅनबेरी सॉस आणि पाव एवढंच पडलं होतं. तिने एक काचेचा ट्रे माझ्याकडे सरकवला, म्हणाली यात मांस नाही, हे पोटभर खा. वर सोनेरी कांदा, खाली पांढरट सॉसमधे फरसबी. पहिल्याच घासाला व्हेज बिर्याणीवरचा कांदा आठवला आणि मग मी खरंच पोटभर खाल्लं. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आमच्याकडे हा ट्रे होतोच, म्हणून या ग्रीन बीन कॅसरोलवर, म्हणजे ट्रेमधे अव्हनला भाजलेल्या फरसबीवर, एकदा नीट लिहायचं होतं.

पदार्थ म्हणाल तर अगदी साधा. क्रीम ऑफ मशरूम सूपचा एक डबा (कॅम्पबेलचा साडेदहा औंसाचा, म्हणजे 298 ग्रॅम), अर्धा कप दूध, एक चमचा सोया सॉस, मिरपूड, चार कप शिजलेली फरसबी आणि एक पूर्णांक एक तृतीयांश कप तयार तळलेला कांदा. निम्मा कांदा आत मिसळायचा, ट्रे अव्हनमधे 350 फॅरनहाइटला पंचवीस मिनिटं ठेवायचा, बाहेर काढून ढवळायचा, उरलेला कांदा वर पसरायचा आणि फक्त पाच मिनिटं परत आत. बस एवढंच.

यातली सगळी गंमत त्या शेवटच्या पाच मिनिटांत आहे असं माझं ठाम मत आहे. मिसळीवर फरसाण कोणी अर्धा तास आधी घालून ठेवतं का, नाही ना, मग कांदा तरी सुरुवातीलाच का घालायचा. आत मिसळलेला कांदा मऊ पडतो आणि सॉसला गोडसर खमंग चव देतो, वरचा कांदा कुरकुरीत राहतो, दोघांचं काम वेगळं आहे. मी दोन घरी असा कॅसरोल खाल्लाय की ज्यात सगळा कांदा पहिल्यापासून वर घातला होता, तो पार काळपट आणि कडू झाला होता, आणि मग लोक म्हणतात हा पदार्थच वाईट.

कांदा फ्रेंचेस कंपनीचा आणते, मोठ्या सहा औंसाच्या पाकिटात दोन ट्रे होतात. इंडियन स्टोअरमधे मिळतो तो बिर्याणीचा तळलेला कांदाही एकदा वापरून पाहिला, चवीला फार छान, पण तो पातळ चिरलेला असतो, पिठाचं आवरण नसतं त्यामुळे सॉसच्या वाफेने लगेच लोळागोळा होतो. पुलावावर ठीक, इथे नको.

फरसबी डब्यातली अजिबात आणू नका. रंग जातो, बोटाने दाबली तर चेपते, आणि पाच मिनिटांत शिजणाऱ्या भाजीसाठी डबा कशाला फोडायचा. फ्रोझन चालते. ताजी मिळाली तर मिठाच्या उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाकायची, हिरवीगार राहते.

आता हा पदार्थ आला कुठून. मला आधी वाटायचं की शे-दोनशे वर्षांची परंपरा असेल, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. तर नाही. हा पदार्थ 1955 सालचा आहे आणि तो जन्मला आमच्याच राज्यात, कॅम्डेनमधे, डेलावेअर नदीच्या काठावर, पलीकडच्या काठाला फिलाडेल्फिया. तिथे कॅम्पबेल सूप कंपनीचं टेस्ट किचन होतं आणि डॉर्कस रायली नावाच्या बाई तिथे काम करत होत्या. ड्रेक्सेल विद्यापीठातून होम इकॉनॉमिक्स शिकलेल्या. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या एका लेखासाठी सोपी रेसिपी हवी होती, अशी की जी कुठल्याही अमेरिकन घरात कपाटात असलेल्या वस्तूंतून होईल. तेव्हा बहुतेक घरांत दोन गोष्टी हमखास असायच्या, फरसबी आणि मशरूम सूप. त्यातून हे बनलं, तेव्हाचं नाव ग्रीन बीन बेक. थँक्सगिव्हिंगशी नातं नंतर जुळलं, साठच्या दशकात रेसिपी सूपच्या डब्याच्या लेबलवरच छापायला लागले आणि मग ती घरोघर गेली.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे की पुढे लोक त्यांना विचारायचे तेव्हा रायलीबाईंना तो पदार्थ केल्याचं नीट आठवतच नव्हतं. त्या किचनमधे रोज काही ना काही करून बघणं हे त्यांचं कामच होतं, त्यातलाच तो एक दिवस. 2002 साली त्यांचं मूळ रेसिपी कार्ड ओहायोतल्या अॅक्रनच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेमला दिलं गेलं, आणि 2018 च्या ऑक्टोबरमधे त्या वयाच्या 92 व्या वर्षी गेल्या. इतक्या लोकांच्या सणाच्या ताटात ज्यांच्या हातची रेसिपी आहे त्यांचं नाव लोकांना माहीत नसावं याचं मला वाईट वाटतं, म्हणून इथे मुद्दाम लिहितेय.

पण या पदार्थावरून भांडणं भरपूर. एक गट म्हणतो डब्यात डबा ओतून केलेला चिकट लगदा, सणाला असं कोण खातं. दुसरा गट म्हणतो चव छान आहे पण सूप घरी करा, ताजे मशरूम लोण्यावर परतून मैदा, दूध घालून. तिसरा गट म्हणजे जे लहानपणापासून आजीच्या हातचं हेच खात आलेत, त्यांच्यासमोर सूप बदललंत तर ते चक्क नाराज होतात. आमच्या घरातसुद्धा फूट आहे. नवरा एक चमचा घेऊन थांबतो, मुलगी मात्र वरचा कांदा सगळ्यात आधी संपवते.

मी मधल्या गटासाठी दोन वर्षं राबले, मशरूम चिरा, परता, सॉस गाठी न होता आटवा, पाऊण तास जास्त. चव नक्कीच चांगली लागते, मशरूम मशरूमसारखे लागतात, मिठावर आपला ताबा राहतो. पण त्या दिवशी अव्हनला आधीच चार पदार्थांची रांग असते, आणि रायलीबाईंनी हे ज्या कारणासाठी केलं तेच त्यातून निघून जातं असं मला वाटायला लागलं, म्हणून परत डब्यावर आले. डब्याचा खरा दोष म्हणजे मीठ, ते भरपूर असतं आणि वरून सोया सॉस, त्यामुळे वेगळं मीठ चिमूटभरही घालू नका. एकदा स्वस्त म्हणून एका दुकानाचा स्वतःच्या ब्रँडचा डबा आणला होता, तो इतका खारट आणि पिठूळ होता की ट्रे तसाच परत आला.

आई सहा महिन्यांसाठी आली होती तेव्हा तिचा आक्षेप वेगळाच, दुधात मीठ आणि भाजी, असं एकत्र खाऊ नये म्हणतात ना गं. तिने ताटात घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तव्यावर गरम करून पोळीबरोबर दिलं, तेव्हा खाल्लं, आणि म्हणाली यात थोडी हिरवी मिरची हवी होती. ते मात्र मला पटलं नाही. मिरची घातली, जिरं घातलं, गरम मसाला घातला, असं सगळं मी करून पाहिलंय आणि मग ती आपली एक बरी भाजी होते पण हा पदार्थ राहत नाही. पहिल्या वेळी तरी कार्डाप्रमाणे करा.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवा, दुसऱ्याच्या घरी विचारल्याशिवाय घेऊ नका. बऱ्याच घरी यात बेकन घालतात, कोणी चिकन स्टॉक, कोणी वूस्टरशर सॉस घालतं ज्यात मासे असतात. विचारलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक गेला मिठापायी. करणार असाल तर कांद्याचं पाकीट नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आणून ठेवा, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी आमच्या इथल्या दोन्ही दुकानांत ते शेल्फ रिकामं असतं.